वयाची रेघ

२०२४ सालच्या नोव्हेंबरातील एका शुक्रवारी रात्री साडेअकराच्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचा इंग्लंडहून फोन आला. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. परंतु दुखले-खुपले की तिला अजूनही देशपांडे नगरातले हे घरच आठवते. सकाळपासून तिला उन्हाळी लागली होती. लघवीला आग, ओटीपोटात कळ, दर अर्ध्या तासाने उठणे. तिकडे डॉक्टरची वेळ मिळणे अलीकडे सोपे राहिलेले नाही, म्हणून ती जवळच्या औषधांच्या दुकानात गेली. इंग्लंडात ३१ जानेवारी २०२४ पासून अशी सोय झाली आहे की, सात साध्या आजारांसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दुकानातील प्रशिक्षित औषधविक्रेत्याने रुग्णाची विचारपूस करावी आणि गरज पडल्यास जंतुनाशक औषधही द्यावे. स्त्रियांना होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग हा त्या सातांपैकी एक.

दुकानातील तरुण मुलीने तिला आतल्या खोलीत बसवले. ताप आहे का, पाठीत दुखते का, पूर्वी कधी असे झाले होते का, सारे नीट विचारले. मग जन्मतारीख विचारली आणि हातातले पेन खाली ठेवले. ही सोय सोळा ते चौसष्ट वर्षांच्या स्त्रियांसाठी होती. माझ्या बहिणीला ऑगस्टात पासष्ट पूर्ण झाली होती.

"तीन महिन्यांपूर्वी आले असते तर?" बहिणीने विचारले.

"दिले असते," ती मुलगी म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, असे बहिणीने मला मुद्दाम सांगितले.

मी मात्र हसलो. "त्यापेक्षा इकडे ये," मी म्हणालो, "आपल्या कोपऱ्यावर पाच मिनिटांत गोळ्या मिळतील, आणि वय तर कोणी विचारणारसुद्धा नाही." माझे हे वाक्य पुढे माझ्याच अंगावर आले, पण ती हकीकत क्रमाने येईल.

बहिणीचा दवाखाना शनिवार-रविवार बंद होता. दूरध्वनीवरील सल्ला मिळाला तो एवढाच की, पाणी भरपूर प्या, वेदनाशामक घ्या, ताप आला अथवा थंडी वाजली तर रुग्णालय गाठा. सोमवारी डॉक्टरांनी लघवीचा नमुना तपासायला पाठवला आणि तीन दिवसांची औषधे लिहून दिली. तेच औषध, तीच मात्रा, तेच तीन दिवस, जे त्या मुलीने शुक्रवारी संध्याकाळी दिले असते. मधल्या तीन रात्री बहिणीने जागून काढल्या. त्या रात्रींचा हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे. हा लेख त्या प्रश्नाचाच पाठपुरावा आहे.

आता याच बहिणीची दुसरी हकीकत, साठ वर्षांपूर्वीची. १९६३-६४ साल असेल. ती चार-पाच वर्षांची होती आणि तिचे टॉन्सिल वरचेवर सुजत. दरवेळी दवाखान्यात जाणे वडिलांना परवडत नसे, वेळेच्या दृष्टीनेही आणि पैशाच्या दृष्टीनेही. ओळखीच्या एका कंपाउंडरकडून ते टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुल आणत. आई कॅप्सुल उघडून आतली पिवळी पूड मधात कालवून तिला चाटवी. ताप उतरे, घसा मोकळा होई आणि घरात सर्वांना हायसे वाटे. वर्षभरात असे चार-पाच वेळा झाले असावे. पुढे दुधाचे दात पडून पक्के दात आले ते करड्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांचे आले. आईने कोळशाची राखुंडी बदलून पाहिली, मीठ-लिंबू लावून पाहिले. काही उपयोग झाला नाही. तोंडावर हात ठेवून हसण्याची तिची सवय तेव्हापासूनची. तिच्या लग्नाच्या अल्बमातल्या एकाही छायाचित्रात तिचे ओठ विलग झालेले नाहीत.

टेट्रासायक्लिन हे वाढत्या दातांत आणि हाडांत जाऊन बसते, म्हणून आठ वर्षांच्या आतील मुलांना ते सहसा देऊ नये, ही गोष्ट आज वैद्यकाच्या पहिल्या पाठांतली आहे. त्या काळी ती जगातल्या डॉक्टरांना नुकती कळू लागली होती. आमच्या गल्लीतल्या कंपाउंडरपर्यंत ती कुठून येणार? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वडिलांना तर नाहीच. परंतु वस्तुस्थिती अशी की, चौथ्या वर्षी तिच्यासाठी वयाची रेघ ओढलेली असायला हवी होती, ती नव्हती. आणि पासष्टाव्या वर्षी ती रेघ आड आली, जेव्हा, निदान तिच्यापुरती, तिची गरज नव्हती. एकाच बाईने एका आयुष्यात रेघ नसण्याची आणि असण्याची, दोन्हींची किंमत मोजली.

म्हणून वयाची मर्यादा चांगली की वाईट, असा ढोबळ प्रश्न विचारून भागत नाही. वर्षांचा आकडा हा माणसाचा केवळ एक अंश. एका आकड्यावरून माणसाला आत घ्यावे अथवा बाहेर ठेवावे, हे न्याय्य केव्हा ठरते, असे विचारले पाहिजे.

प्रथम त्या इंग्रजी यादीकडेच पाहू. सात आजार आणि प्रत्येकाची वयोमर्यादा वेगळी. घसादुखीला पाच वर्षांपासून पुढे. सायनसच्या सुजेला बारा वर्षांपासून पुढे. कीटकदंशाने चिघळलेल्या जखमेला आणि खपल्या धरणाऱ्या त्वचेच्या संसर्गाला एक वर्षापासून पुढे. नागिणीला अठरा पूर्ण हवीत. कानाच्या आतल्या संसर्गाला मात्र एक ते सतरा. म्हणजे येथे प्रौढालाच मज्जाव! वाचताना प्रथम हा सारा कारकुनी खेळ वाटतो. पण थोडे खोलात गेले की प्रत्येक आकड्यामागचा विचार दिसू लागतो. मुलांचे कान वरचेवर फुटतात आणि बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप बरे होतात. तोच आजार प्रौढाला झाला तर तो नेहमीचा नव्हे, मागे दुसरे काही आहे का हे पाहायला हवे. नागीण हा प्रामुख्याने उतारवयाचा रोग. ती लहान मुलाच्या अंगावर उठली तर त्याच्या प्रतिकारशक्तीचे काय, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायचा.

चौसष्टचेही तसेच. उतारवयात अनेक स्त्रियांच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना त्रास काहीच नसतो. त्यामुळे दुकानात रंगीत पट्टी बुडवून केलेली चाचणी फसवी ठरते. उलट खरा संसर्ग झाला तरी त्याची नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही. मूत्रपिंडाची शक्ती वयाबरोबर उतरत जाते, आणि या आजारावरचे नेहमीचे औषध मूत्रपिंड दुबळे असेल तर नीट काम करत नाही व अपायही करते. यातले काहीही औषधविक्रेत्याला समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर वाचता येत नाही. ज्या ठिकाणी डोळ्यांना दिसत नाही तेथे आकडा पुढे करावा लागतो. आकडा ही तेथे अज्ञानाची प्रामाणिक कबुली असते.

तरीही चौसष्टच का? त्रेसष्ट का नाही, अडुसष्ट का नाही? ग्रीक तत्त्ववेत्त्यांनी धान्याच्या राशीचे एक कोडे सांगितले आहे. राशीतून एक दाणा काढला तर रास मोडत नाही. आणखी एक काढला तरी नाही. मग ती मोडते तरी कोणत्या दाण्याला? म्हातारपण याच जातीचे. कोणत्या सकाळी माणूस म्हातारा होतो हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे मतदानाचे वय १९८९ मध्ये एकविसावरून अठरावर आले, तेव्हा अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलांना रातोरात शहाणपण फुटले असे कोणी मानले नाही. निसर्गाने चढ दिलेला असतो. पायरी माणूस खोदतो.

आपले प्राचीन वैद्य या अडचणीला चांगले ओळखून होते. चरकसंहितेत रुग्णाच्या परीक्षेचे दहा विषय सांगितले आहेत. प्रकृती, विकृती, सार, बांधा, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि अगदी शेवटी वय. म्हणजे वय विचारायचे खरे, पण नऊ गोष्टी पाहून झाल्यावर. शिवाय म्हातारपण केव्हा सुरू होते याविषयी थोरांतच एकवाक्यता नाही. चरकाच्या मते मध्यम वय साठपर्यंत, सुश्रुताच्या मते सत्तरपर्यंत. दोन महान ग्रंथांमध्ये दहा वर्षांचा फरक! माझी बहीण चरकाच्या हिशेबाने जीर्ण आणि सुश्रुताच्या हिशेबाने अजून मध्यमवयीन. सुश्रुताने पुढे आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. बालक आणि वृद्ध यांच्यावर अग्निकर्म, क्षार आणि रेचन यांसारखे उग्र उपचार करू नयेत, हा नियम सांगून तो लगेच म्हणतो की, त्यावाचून बराच होणार नाही असा विकार असेल तर ती क्रिया सौम्यपणे आणि हळूहळू करावी. आधी उत्सर्ग, मग अपवाद. नियम मांडणाऱ्याने नियमाबाहेर राहिलेल्या रोग्याला वाऱ्यावर सोडलेले नाही.

धर्मशास्त्रातही वयाच्या अशा रेघा आहेत. ऐंशीच्या पुढचा वृद्ध आणि सोळाच्या आतील मुलगा यांना प्रायश्चित्त अर्धे, असा दंडक निबंधकारांनी नोंदला आहे. येथेही कोणी एकोणऐंशी वर्षांचा मरतुकडा म्हातारा पूर्ण प्रायश्चित्त भोगीत असेल आणि शेजारचा एक्याऐंशी वर्षांचा ठणठणीत म्हातारा अर्ध्यात सुटत असेल. नियमातला हा वाकडेपणा त्या शास्त्रकारांना दिसत नव्हता असे नाही. तरी त्यांनी आकडा दिला, कारण आकडा नसता तर अर्धे कोणाला हे ठरवणे बलवानाच्या हाती गेले असते. ज्याचा आवाज मोठा, ज्याची ओळख वरपर्यंत, तो म्हातारा ठरला असता आणि गरीब म्हातारा तरणा.

वयाच्या आकड्याचा हा एक मोठा गुण आहे. त्याच्याशी वाद घालता येत नाही, त्याला वशिला लावता येत नाही. आमच्यासारख्या घरांना हे विशेष कळायला हवे. तीन-चार पिढ्यांपूर्वी आम्ही या गावात स्थिरावलो. नोकरी, वकिली, शाळा, व्यापार यांतून ओळखी वाढल्या. आणि हुबळीत आपले काम ओळखीवर होते याचा आम्हांला थोडासा अभिमानही आहे. दुकानदार 'काका' म्हणतो, डॉक्टर हा कोणाचा तरी वर्गमित्र निघतो. नियम दुसऱ्यांसाठी आणि आपल्यासाठी ओळख, ही सवय कधी लागली ते आम्हांलाही सांगता येणार नाही. त्या रात्री फोनवर बहिणीला जे बोललो, ते याच सवयीने बोललो.

त्याची फळे सहा महिन्यांत मिळाली. २०२५ च्या मे महिन्यात मलाही तोच त्रास सुरू झाला. बहिणीच्या देशात मला कोणत्याही वयात ही सोय मिळाली नसती, कारण पुरुषाच्या मूत्रमार्गाचा संसर्ग तेथे साधा धरलाच जात नाही. मी मात्र कोपऱ्यावर गेलो. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. या शहरात आणि या देशात अशी दुकाने असंख्य आहेत. काउंटरवरच्या मुलाला मी दोन वाक्यांत त्रास सांगितला. त्याने मागे न वळता फळीवरून पट्टी काढली. "तगोरी काका," एवढेच तो म्हणाला. घ्या काका. पट्टीवर ठळक लाल रेघ होती. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये, असे त्या रेघेचे सांगणे असते. ती मी पाहिली आणि खिशात घातली.

दहा गोळ्यांतल्या सहा घेतल्या आणि आग थांबली, म्हणून उरलेल्या कपाटात ठेवून दिल्या. पुढे बाराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. रुग्णालयात लघवीची तपासणी झाली तेव्हा अहवालातल्या औषधांच्या यादीपुढे एक एक अक्षर छापलेले होते. 'एस' म्हणजे जंतू त्या औषधाला बधतो, 'आर' म्हणजे बधत नाही. मी घेतलेल्या गोळ्यांपुढे 'आर' होते; तिच्या भावंडांपुढेही. मूत्रपिंडाचे आकडेही वयाला शोभतील असेच, म्हणजे खालावलेले होते. सात दिवस शिरेतून औषध घ्यावे लागले. तरुण डॉक्टरांनी विचारले, "काका, गोळ्या देताना तुमचं वय कुणी विचारलं नाही?" मी गप्प राहिलो. विचारू नये याचीच मी प्रौढी मिरवली होती.

येथे मला अतिशयोक्ती करायची नाही. माझ्या सहा गोळ्यांमुळेच जंतू निर्ढावले असे म्हणता येणार नाही. ते आधीपासून तसे असू शकतील. पण चौऱ्याहत्तर वर्षांचा पुरुष समोर आहे, एवढ्या एका गोष्टीवर जर कोणी "आधी तपासून घ्या" म्हटले असते, तर ते सात दिवस वाचले असते. दहापैकी नऊ लक्षणे न पाहता केवळ दहावे, म्हणजे वय पाहिले असते तरी पुरे होते.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात याच गोष्टीचा इशारा दिला होता. पेनिसिलिन दुकानात कोणालाही विकत मिळेल असा काळ येईल, हे त्यांनी तेव्हाच ओळखले. त्यांनी एक काल्पनिक उदाहरण दिले. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत आणतो आणि अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, मात्र औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या पत्नीला बाधतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असे फ्लेमिंग विचारतात आणि त्या गृहस्थाकडे बोट दाखवतात. पुढच्या पाऊणशे वर्षांत ती कल्पना राहिली नाही. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात औषधांना न बधणाऱ्या जंतूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज सुमारे १२ लाख ७० हजार इतका होता.

फ्लेमिंगच्या गोष्टीतली पत्नी मला फार महत्त्वाची वाटते. दुकानात गिऱ्हाईक आणि विक्रेता असे दोघेच उभे असतात. व्यवहार त्या दोघांच्या संमतीने होतो. त्यात तिसऱ्याने का पडावे, असे वाटणे साहजिक आहे. पण तिसरी व्यक्ती तेथे असतेच. ती घरी असते. नियम हा त्या तिसऱ्या व्यक्तीच्या वतीने बोलत असतो.

आपल्या देशात नियम नाहीत असे मुळीच नाही. १९४० चा औषधविषयक कायदा आणि १९४५ चे नियम आहेत. अनुसूची 'एच'मधली औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून अनुसूची 'एच-१' लागू झाली. तीत प्रारंभी ४६ औषधे होती, त्यांत अनेक प्रभावी जंतुनाशके. ती विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची. वयाच्या मर्यादाही आहेत. नायमेसुलाइड हे तापावरचे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ मध्ये बंदी आली. सर्दीच्या औषधांतील क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला.

आणि २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात काय घडले ते आपण वाचले. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले निघाले. वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतली बहुतेक पाच वर्षांच्या आतली. कित्येकांना शेवटच्या आशेने नागपूरच्या रुग्णालयांत आणले होते. त्या औषधातही तेच मिश्रण होते. विष घालणाऱ्यांचा गुन्हा निराळा आणि त्याला तोड नाही. वयाची रेघ विषाला अमृत करत नाही. परंतु ती रेघ पाळली गेली असती, तर त्यांतल्या सर्वांत धाकट्या मुलांच्या ओठांपर्यंत ती बाटली पोचलीच नसती. आणखी एक बोचरी गोष्ट अशी की, अनेक मुलांना ते औषध डॉक्टरांनीच लिहून दिलेले होते. तेव्हा 'दुकानदार अडाणी, डॉक्टर शहाणा' इतक्या सोप्या विभागणीनेही सुटका नाही. रेघ कोणीही ओलांडू शकतो, चिठ्ठी असलेलाही.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग नियम कडक करा, एकेका दुकानदाराला धरा. शेजारच्या केरळात गेल्या काही वर्षांत दुकानांच्या अचानक तपासण्या सुरू झाल्या आहेत, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण माझ्या मनात एक शंका आहे आणि ती मांडल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. येथून कलघटगीच्या अथवा नवलगुंदच्या बाजूला आतल्या एखाद्या खेड्यात जा. रात्री नऊची वेळ आहे. दोन वर्षांच्या मुलाचे अंग तापले आहे, शेवटची बस गेली आहे, आणि उघडे आहे ते फक्त औषधांचे दुकान. दुकानदार म्हणतो, मुलाचे वय बसत नाही, औषध देता येत नाही. तो नियमाने वागला. पण त्या आईने जायचे कुठे? डॉक्टर जेथे नाहीच तेथे 'डॉक्टरकडे जा' हा सल्ला दार लावून घेण्यासारखा आहे. रेघ ओढणाऱ्याने रेघेपलीकडे काय ठेवले आहे, हे पाहिल्यावाचून त्या रेघेला न्याय्य म्हणता येणार नाही.

अॅरिस्टॉटलने न्यायाविषयी लिहिताना लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांचे उदाहरण दिले आहे. ते शिशाची पट्टी वापरत. दगड जसा असेल तशी ती वाकत असे. लोखंडी पट्टीने वाकडा दगड मोजता येत नाही. कायदा सर्वांसाठी बोलतो, म्हणून एखाद्याच्या बाबतीत चुकतो. तेथे ती चूक सावरणारे शहाणपण लागते, असे त्याचे म्हणणे. मला वाटते, औषधाच्या दुकानात पट्टी लोखंडीच हवी, कारण तेथे दगड पुरता दिसत नाही. पण शिशाची पट्टी हाती असलेला कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवा, आणि लवकर भेटणारा हवा. लोखंडी पट्टीवाला म्हणेल 'येथे नाही'. आणि त्याच दमात त्याला 'तेथे जा, ते वाट पाहत आहेत' असेही म्हणता आले पाहिजे.

माझ्या बहिणीच्या तीन रात्रींचा हिशेब मी आता असा मांडतो. तिला अडवणारा नियम चुकला का? तिच्यापुरता, होय. तो मोडायला हवा होता का? नाही, कारण त्या मुलीने तिच्यासाठी मोडला असता तर तो पुढच्या शहात्तर वर्षांच्या, दुबळ्या मूत्रपिंडाच्या बाईसाठीही मोडला गेला असता, आणि दोघींतला फरक त्या खोलीत बसून कळण्यासारखा नव्हता. पण ज्यांच्या भल्यासाठी म्हणून माझ्या बहिणीने त्या रात्री सोसल्या, त्यांचे तिच्याकडे देणे लागते. ते देणे म्हणजे शनिवारी सकाळी उघडा असलेला दवाखाना. नियमाने ज्याला अडवले, त्याला पुढच्या दारात पहिला नंबर मिळायला हवा. इंग्लंडने रेघ ओढली आणि देणे अर्धे थकवले. आपण रेघ कागदावर ओढतो, व्यवहारात पुसतो, आणि पुसण्याला माणुसकी म्हणतो. वडिलांच्या काळी ते अज्ञान होते. आज तसे म्हणायची सोय नाही.

बहीण गेल्या दिवाळीत येऊन गेली. तिला मी माझ्या आजारपणाची सारी हकीकत सांगितली, फोनवर काय बोललो होतो त्याची आठवणही करून दिली. ती म्हणाली, "दादा, मला त्या मुलीचा राग आलाच नाही रे. तिनं माझ्यासमोर दोनदा दवाखान्याला फोन लावला. कुणी उचलला नाही, हा काही तिचा दोष नव्हता." मग जरा थांबून म्हणाली, "त्या कंपाउंडरनं एकदा जरी विचारलं असतं ना, पोर केवढी आहे म्हणून!"

परवा मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावर गेलो होतो. माझ्यापुढे एक तरुण बाप उभा होता. मुलाला जुलाब होत होते आणि त्याला जंतुनाशक औषध हवे होते. काउंटरवरचा मुलगा फळीकडे वळला. मी न राहवून विचारले, "बाळ केवढं आहे?" बाप म्हणाला, "अकरा महिन्यांचं." मुलाने माझ्याकडे पाहिले, हात मागे घेतला आणि क्षारसंजीवनीचे पाकीट काढून दिले. ते कसे कालवायचे ते सांगितले. मग रस्त्यापलीकडच्या मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना रात्री नऊपर्यंत उघडा असतो, हेही सांगितले. तो बाप रस्ता ओलांडून जाईपर्यंत मी पायरीवर उभा होतो. दवाखान्यात दिवा होता.